बुधवारची उतरण

ही भोरला संस्थान होतं त्या काळातली गोष्ट आहे. सालच सांगायचं तर एकोणीसशे चौतीस-पस्तीस असावं. राजगडाच्या पायथ्याला गुंजवणे गाव, आणि गावाच्या वरच्या अंगाला डोंगराला चिकटून मोजक्या घरांची एक वाडी. त्या वाडीत सावळाराम नावाचा शेतकरी राहत होता. वय चाळिशीच्या आतबाहेर, अंगानं चिवट, बोलायला मोकळा. एकुलती लेक वरवे बुद्रुकला दिलेली. घरात तो आणि बायको साळूबाई. शेजारच्या घरात थोरला भाऊ चिमाजी आणि भावजय बयाबाई. चुली वेगळ्या, पण अंगण एकच.

माघाचा महिना होता. भाताचं रोप टाकायची जमीन पावसाआधी भाजून घ्यावी लागते. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडून वाळवायच्या, म्हणून त्या दिवसांत वाडीतला प्रत्येक गडी कमरेला कोयता लावून झाडावर असायचा. झाडावर चढण्यात सावळारामचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या दिवशी तो ऐनाच्या उंच झाडावर होता आणि चिमाजी खाली भारे बांधत होता. ऊन कलायला लागलं तसा चिमाजी खालून म्हणाला, "तेवढी उजवीकडली घे अन् उतर. भारा पुरा हुतोय."

सावळारामनं उजवीकडल्या फांदीवर पाय ठेवला आणि फांदीसकट तो खाली आला.

मांडीचं हाड मोडलं. नसरापूरकडून हाडं बसवणारा माणूस आणला. त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, लेप लावला, हलायचं नाही म्हणून बजावलं. हाड जुळलं, पण तिरकं जुळलं. कामट्या सोडल्या तेव्हा उजवा पाय डाव्याहून चार बोटं आखूड झालेला होता. हाडं बसवणारा म्हणाला, यापुढं आता देवाचं काम. आणि तो निघून गेला.

सावळारामनं पडवीत घोंगडी टाकली आणि तो तिच्यावर पडला. पाय जुळून महिने गेले तरी तो उठला नाही. साळूबाईनं सुताराकडून बेचक्याची काठी करून आणली, ती खुंटीला तशीच लटकत राहिली. तो दुपारभर झोपायचा आणि रात्री टक्क जागा असायचा. साळूबाई भाकरी उशाशी झाकून शेतावर जायची. कधी तो खायचा, कधी कोंबड्या खायच्या. अंघोळ आठवली तर करायचा, आणि आठवायची फार कमी. वाडीतले लोक सुरुवातीला येऊन बसत. पण तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. भिंतीशी कोण किती वेळ बोलणार? एकेक करून सगळे यायचे थांबले.

चिमाजीला तर त्यानं स्वतःच थांबवलं होतं. पडल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात तो भावाला म्हणाला होता, "तुमीच उजवीकडली घे म्हनलात. आता माझ्या दारात येऊ नका." चिमाजी खाली मान घालून गेला, तो पुन्हा उंबऱ्यात आला नाही. त्या वर्षी सावळारामच्या खाचरांची नांगरट चिमाजीनंच केली. साळूबाईनं ते घरी सांगितलं नाही आणि सावळारामनं विचारलं नाही. पडवीतून त्याला भावाचे बैल खाचराकडे जाताना रोज दिसत होते.

घरी यायचा तो एकटा कुंडलिक न्हावी. गुंजवण्याहून तो दर बुधवारी वाडीवर चढायचा. वर्षाचं बलुतं म्हणून सुगीला धान्य घ्यायचा आणि बदल्यात सगळ्यांच्या दाढ्या करायचा. सावळारामची दाढी तो पडवीत येऊन करत असे. दाढी होईपर्यंत सावळाराम छताकडे बघत राही. बोलणं असं काही होत नसे.

वर्ष उलटून गेल्यावर एका बुधवारी कुंडलिकानं वस्तरा पुसून धोकटीत ठेवला आणि म्हणाला, "पुढल्या बुधवारापासनं मी वडाखाली बसनार. वाडीवर चढनार न्हाई."

वड म्हणजे वाडीच्या खाली, गावाच्या वाटेवरचा. तिथं पार होता आणि येणारे-जाणारे टेकायचे.

सावळाराम म्हणाला, "मला खाली येता येत न्हाई, तात्या. दिसतंय न्हवं तुमाला?"

"दिसतंय. पर माझंबी गुडघं गेलं. भाऊ पुण्याला गेला तवापासनं त्याच्या वाड्याबी माझ्याच गळ्यात पडल्यात. आता सगळ्या वाड्यांना म्या वडाखालीच बोलावलंय."

"मग वाढू द्या दाढी. कुनाला दाखवायची हाय?"

"बरं," कुंडलिक म्हणाला आणि धोकटी उचलून चालायला लागला.

त्यात काही डाव नव्हता. पुढं लोकांनी ही गोष्ट सांगताना कुंडलिकाला मोठा शहाणा केला, पण त्याच्या मनात तसं काहीच नव्हतं. त्याचे गुडघे दुखत होते, एवढंच.

सावळारामनं दाढी वाढू दिली. चैत्र लागला, उकाडा सुरू झाला. घामानं दाढीच्या मुळाशी खाज सुटायला लागली. नखं लागून हनुवटीखाली फोड आले, फोडांवर माश्या बसायला लागल्या. साळूबाईनं कडुनिंबाचा पाला उकळून लावला. खाज तेवढ्यापुरती थांबे आणि पुन्हा सुरू होई.

एकदा ती चिमाजीच्या घराकडं बघत भीत भीत म्हणाली, "दादांना सांगू का? पाठीवर घेऊन जातील खाली."

"नाव काढू नगंस."

त्यानंतरच्या बुधवारी ती शेतावर निघून गेल्यावर सावळाराम उठून बसला. बराच वेळ नुसता बसून राहिला. मग भिंत धरून उभा राहिला आणि त्यानं खुंटीवरची काठी काढली. काखेला लावल्यावर बेचका टोचला, म्हणून त्यावर फडकं गुंडाळलं. कुणी पाहत नाही हे बघून तो अंगणाबाहेर पडला.

पान लावून तोंडात टाकावं, तेवढ्यात वाडीचं माणूस वडापाशी पोचायचं. सावळारामला ती वाट संपता संपेना. उतार आला की काठी पुढं सरके आणि पाय मागं राही. दोनदा तो बसला. एका घसरड्या टप्प्यावर तर उभं राहून जमेचना. मग काठी खाली सोडून दिली आणि लहान पोर घसरतं तसा ढुंगणावर घसरत तो काठीपर्यंत गेला. धोतर मातीनं भरलं, तळहात सोलवटले. करवंदीच्या जाळीशी थांबून त्यानं दम खाल्ला आणि परत फिरावं का याचा विचार केला. मागं चढ होता आणि पुढं उतार. म्हणून तो पुढं गेला.

वडाखाली पोचला तेव्हा कुंडलिक धोकटी गुंडाळत होता. त्यानं मान वर करून पाहिलं, धोकटी पुन्हा उलगडली आणि म्हणाला, "बसा."

कुणी उठून हात दिला नाही, कुणी अरेरे म्हटलं नाही. पारावर तीन-चार माणसं होती. म्हातारा रखमाजी मांडीवर घायपाताच्या धाग्यांचा दोर वळत होता. बोलणं बिबट्याचं चाललं होतं. वरच्या माळावरच्या धनगरांच्या वाड्यातून त्यानं दोन शेरडं नेली होती. कुणी म्हणे तो गडाच्या बाजूनं येतो, कुणी म्हणे खिंडीतून.

रखमाजी हातातला दोर न थांबवता म्हणाला, "सावळाराम, तू त्या खिंडीत लई हिंडलायस. पानी कुठवर टिकतं तितं?"

कुंडलिकाचा वस्तरा गळ्याशी होता. तो उचलेपर्यंत सावळाराम थांबला. मग म्हणाला, "चैताच्या शेवटापतुर. मोठ्या धोंड्याच्या मागं झरा हाय. जनावर तितंच येत असंल."

"मग खिंडच," रखमाजी म्हणाला आणि बोलणं पुढं गेलं.

वर चढायला उतरण्याहून जास्त वेळ लागला. पण चढताना घसरायची भीती नव्हती, नुसता दम लागत होता. घरी आला तेव्हा साळूबाई शेतावरून परतली होती. घोंगडी रिकामी बघून ती अंगणात उभी राहिली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते सावळारामनं नीट पाहिलं नाही. तो पडवीत टेकला आणि म्हणाला, "भूक लागलीय."

ती आत गेली. त्या दिवशी तिनं एक भाकरी जास्त थापली. दिवा लागायच्या आत तो झोपला.

पुढल्या बुधवारी तो पुन्हा गेला. काही ठरवून गेला असं नाही. दाढी पुन्हा वाढली होती आणि फोड अजून पुरते बसले नव्हते. त्याच्या पुढल्या बुधवारी पायात गोळे आले म्हणून गेला नाही. त्याच्या पुढल्याला गेला. असं करता करता उन्हाळ्यात बुधवार त्याच्या अंगवळणी पडला.

आणि बुधवार धरला की मंगळवार आपोआप आला. चार माणसांत बसायचं तर अंग धुतलेलं हवं, हे त्याला दुसऱ्याच वेळेला कळलं. पारावर त्याच्या शेजारी बसलेला माणूस हळूच पलीकडं सरकला होता. म्हणून मंगळवारी संध्याकाळी साळूबाई पाणी तापवायची. अंघोळीआधी ती त्याच्या पायाला करंजाचं तेल चोळायला लागली. पहिल्यांदा त्यानं पाय ओढून घेतला, कारण तो पाय तिनं पाहावा असं त्याला वाटत नव्हतं. ती म्हणाली, "वरीसभर बघतीया म्या. आता काय लपिवताय?" त्यानं पाय सोडला. तेल चोळताना ती शेतातलं काही ना काही बोले. कुठल्या खाचराचा बांध फुटला, कुणाची गाय व्याली. आधी तो नुसता ऐके, मग एखादा प्रश्न विचारू लागला. नांगरट कोण करतं हे मात्र त्यानं विचारलं नाही.

गुरुवारी अंग ठणके. तो दिवस पडून राहण्यात जाई, पण आता त्या पडण्याला कारण होतं.

मग दोर आला. रखमाजीचे हात बघून बघून त्याचे हात शिवशिवायला लागले होते. बापानं त्याला दोर वळायला लहानपणी शिकवलं होतं. पण शेत, झाडं, गुरं यांच्या रगाड्यात ते मागं पडलं होतं. घायपाताची पानं आधी पाण्यात कुजवावी लागतात, तेव्हा धागा सुटतो. वाडीशेजारून ओढा जात होता. रविवारी तो पानं ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायचा आणि पुढल्या रविवारी काढून नवी घालायचा. मधल्या दिवसांत धागे झोडायचे, वाळवायचे, मांडीवर वळायचे. पहिलं दावं इतकं वाकडंतिकडं झालं, की साळूबाईनं ते गाईच्या गळ्यात न बांधता कोंबड्यांच्या खुराड्याला बांधलं. तिसरं-चौथं बरं झालं. वाडीतले लोक दावी, कासरे मागू लागले. कुणी बदल्यात ताक देई, कुणी नाचणी.

सगळंच जमलं असं नाही. सोमवार धरावा, शंकराला जावं असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं उपास सुरू केला. उपाशी पोटी तो इतका चिडायचा, की दुपारी साळूबाईशी भांडण ठरलेलंच. तिसऱ्या सोमवारी तिनं त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "देव रागावला तर मी बघंन. तुमी जेवा." त्यानं थोडा वेळ ताटाकडं पाहिलं आणि जेवला. सोमवार तिथंच संपला.

मृगात पाऊस आला आणि गुंजवण्याच्या खोऱ्यात तो येतो तसा आला. चार-चार दिवस डोंगर दिसेना. वाट चिखलाची झाली, काठी बोटभर आत रुतायची. कुंडलिकानं निरोप पाठवला, की पावसाळाभर मी गावातच बसेन, ज्याला यायचं त्यानं यावं. वडापर्यंत जाणंच मुश्कील होतं, गाव तर लांब. ओढ्याला लोंढा आला आणि दगडाखालची पानं वाहून गेली. धागा वाळेना. साळूबाई लावणीला पहाटे जाई ती अंधार पडताना येई, चिखलानं भरलेली, उभ्या उभ्या झोपणारी. मंगळवारचं पाणी कोण तापवणार?

सावळारामनं पुन्हा घोंगडी टाकली. आठवड्याभरात तो जिथून उठला होता तिथंच परत जाऊन पडला. या वेळी त्याला ते कळत होतं, म्हणून राग जास्त होता. एकदा भाजीत मीठ नाही म्हणून त्यानं वाडगा अंगणात भिरकावला. साळूबाईनं पावसात जाऊन वाडगा उचलला, धुतला, पालथा घातला आणि निजली. तिनं त्याला शब्दानंही विचारलं नाही. तेच त्याला लागलं.

आषाढ संपता संपता साळूबाई तापानं पडली. दुपारी शेतातून परत आली तीच कुडकुडत. त्यानं आपली घोंगडी तिच्या अंगावर घातली, वर पोती घातली, तरी तिचे दात वाजत होते. संध्याकाळी घाम फुटून ताप उतरला. एक दिवस बरा गेला आणि पुन्हा थंडी भरून आली. त्या खोऱ्यात हा ताप सगळ्यांना ओळखीचा होता. त्यावर कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या लागत, आणि त्या वेल्ह्याला मिळत. जाऊन यायला अख्खा दिवस, तोही धडधाकट माणसाला, आणि मधले ओढे भरलेले.

दुसऱ्यांदा ताप चढला तेव्हा ती बरळायला लागली. लेकीला हाक मारत होती. सावळाराम उंबऱ्यात उभा राहून अंगणापलीकडल्या घराकडं बघत होता. पाऊस चालू होता. चिमाजीच्या घरातून धूर निघत होता. ते अंगण काही मोठं नव्हतं, पण दीड वर्षात त्यानं ते ओलांडलं नव्हतं. त्यानं काठी घेतली. चिखलात काठी कशी टेकायची, वजन कधी टाकायचं, हे हाताला ठाऊक झालेलं होतं. उन्हाळ्यातल्या बुधवारांनी तेवढं केलं होतं.

चिमाजी चुलीशी बसून पेज पीत होता. लावणी अर्धी राहिली होती, आता सकाळीच शेतावर जायचं होतं. दारात सावळाराम दिसल्यावर त्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं. बयाबाई पदर सावरत बाजूला झाली.

"दादा," सावळाराम म्हणाला. त्याच्या अंगावरून पाणी गळत होतं.

"आत ये," चिमाजी म्हणाला.

"साळूला थंडीताप हाय. दुसऱ्यांदा चढलाय. वेल्ह्याहून कोयनेल आनायला पायजे."

चिमाजीनं त्याच्याकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं. "कवापासनं?"

"परवापासनं."

"परवापासनं," चिमाजी म्हणाला. मग उठला, इरलं डोक्यावर घेतलं, धोतर गुडघ्यावर खोचलं आणि बायकोला म्हणाला, "त्यांच्याकडं जाऊन बस." भावाच्या अंगाला अंग घासून तो दाराबाहेर पडला आणि पावसात दिसेनासा झाला.

बयाबाई आली आणि साळूबाईच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसली. सावळारामला काय करावं कळेना. बयाबाई म्हणाली, "भावजी, चूल इझलीया. पेज टाका." त्यानं जन्मात पेज टाकली नव्हती. एका पायावर भार देऊन, चुलीशी आडवं-तिडवं बसून, ओल्या लाकडांशी झटत त्यानं तांदूळ शिजवले. धुरानं डोळे लाल झाले. पेज खाली लागली होती. साळूबाईनं दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं. बयाबाई तोंड फिरवून हसली.

चिमाजी दिवेलागणीला परतला. एका ओढ्याला उतार मिळाला नाही म्हणून त्याला लांबून वळसा पडला होता. पुड्या त्यानं पागोट्यात बांधून कोरड्या आणल्या होत्या. पुडी दिली, पाणी प्यायला आणि घरी गेला. फांदीचं बोलणं त्या दिवशी निघालं नाही आणि पुढंही कधी निघालं नाही.

साळूबाईला उठायला पंधरवडा लागला. तोवर चूल सावळारामकडं होती. पेज लागायची थांबली. भाकरी मात्र त्याला जमेना. तांदळाच्या पिठाची उकड काढायची असते हे कुणी सांगितल्याशिवाय कळणारं नव्हतं. बयाबाईनं अंगणातूनच ओरडून सांगितलं, "भावजी, आधी पानी उकळा, मग पीठ." पाऊस जरा उघडला तसा तो पुन्हा वडापर्यंत जायला लागला. कुंडलिक तिथं नसायचा. तरी तो पारावर टेकून परत यायचा. कधीकधी चिमाजी त्याच वेळेला गावाकडं निघालेला असे. मग चिमाजी सावळारामच्या चालीनं चाले. दोघं फारसं बोलत नसत.

भाद्रपदात एका मंगळवारी साळूबाई त्याच्या पायाला तेल चोळत होती. ती अजून अशक्त होती, चोळताना थांबत होती. मध्येच म्हणाली, "तुमचा बुधवार हाय. माझा कुठला?"

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. "तुला काय करायचं हाय?"

"काय न्हाई करायचं. त्येच म्हनतीया."

त्याला ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पावसाची उघडीप बघून कुंडलिक वडाखाली आला होता, चार माणसं होती, बोलणं चाललं होतं. ते सगळं ऐकताना त्याच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. लग्न होऊन आल्यापासून ही बाई कधी नुसती बसलेली आपण पाहिली का, हे तो आठवत होता. तापात पडली होती तेवढीच. संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "शुक्रवार घे. चूल मी बघतो."

पहिल्या शुक्रवारी दुपारी ती अंगण ओलांडून बयाबाईकडं गेली. जाताना दोनदा वळून पाहिलं. तो चुलीशी बसेपर्यंत ती परतसुद्धा आली आणि तिनं केरसुणी उचलली.

"का आलीस?"

"बसायचं कसं त्येच येईना. हात मोकळं ठिवून कसंतरीच वाटतं."

"जा परत," तो म्हणाला. "केर ऱ्हाऊ दे."

ती गेली. दिवस कलेपर्यंत आली नाही. पलीकडल्या पडवीत दोघी जावा पाय पसरून बसल्या होत्या आणि पान खात होत्या. काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं. मधूनच साळूबाईचं हसणं येई. त्याची भाकरी तव्यावर करपली. ती त्यानं स्वतः खाल्ली आणि बरी होती ती तिला ठेवली.

पुढं वर्षं गेली. पाय काही लांब झाला नाही. थंडीत तो इतका ठणके, की काही आठवड्यांत सावळाराम घोंगडीतून बाहेर येत नसे, साळूबाईवर खेकसत असे. बुधवारही चुकत. पण एक बुधवार चुकला म्हणून दुसरा सोडायचा नाही, एवढं त्याला समजलं होतं. कुंडलिक म्हातारपणी भावाकडं पुण्याला गेला. त्यानंतर वाड्यांना धड न्हावी मिळाला नाही. तरी बुधवारी माणसं वडाखाली जमत राहिली. रखमाजीनं एक जुना वस्तरा पैदा केला होता आणि लोक एकमेकांच्या दाढ्या करून एकमेकांचं रक्त काढत होते.

लढाईच्या दिवसांत, महागाई असतानाच, वरव्याच्या लेकीला मुलगा झाला. एका शुक्रवारी साळूबाई आणि बयाबाई तिला बघायला निघाल्या. पुढल्या शुक्रवारी परत यायचं ठरलं होतं. आठवडा गेला, शुक्रवार गेला, दोघी आल्या नाहीत. सावळाराम आणि चिमाजी एका चुलीवर जेवत होते. रविवारी सकाळी वरव्याहून येणारा एक ओळखीचा माणूस वाडीवर आला. त्यानं निरोप सांगितला, की बयाबाईला ठेवून घेऊन साळूबाई आणखी आठवडाभर राहणार आहे.

"तब्येत बरी हाय?" सावळारामनं विचारलं.

"बरी हाय की. गावात चार घरं हिंडती, बाळाला घिऊन बसती. म्या निघालो तवा दारात उभी हुती."

"कामाला लागली आसंल तितंबी."

"न्हाई. म्हनत हुती, हितं मला कोन काम सांगत न्हाई."

सावळारामनं त्या माणसाला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. मग घायपाताची पानं खांद्यावर टाकून तो ओढ्याकडं उतरला.